जगदेवराव नापास होतात

परीक्षा घ्यायला आलेले दिनकरराव गाडीत बसले आणि त्यांनी दार धाडकन आपटलं. तिथेच ते जगदेवरावांच्या मनातून उतरले. ग्वाल्हेर दरबारच्या, आता सरकारी झालेल्या गॅरेजात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दाराच्या आवाजावरून गाव ओळखता येतं. हे नागपूर.

"चला, घ्या गाडी," दिनकरराव म्हणाले. मांडीवर कागद, हातात पेन्सिल.

संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती. आता मध्य भारतही संपला, नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. तिथल्या एका सचिवसाहेबांच्या गाडीसाठी ग्वाल्हेरहून एक ड्रायव्हर हवा होता. सात जणांची परीक्षा. जो पहिला येईल तो भोपाळला. नकार दिला तर नोकरी गेली. बाकीचे सहा इथेच राहणार आणि जो शेवटचा येईल त्याला पाण्याचा टँकर.

जगदेवरावांना तो टँकर हवा होता.

त्यांच्या बायकोची, लीलाताईंची, नजर सहा वर्षांपूर्वी गेली. पण नया बाजारातल्या दोन खोल्यांत त्या चहा करायच्या, भाकरी थापायच्या, भिंतीला हात लावत गल्लीच्या टोकाच्या दत्ताला जाऊन यायच्या. गल्लीतली गाय कुठे बसते हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. परक्या गावात त्या खाटेवरून उठल्याही नसत्या.

"वाईट चालवणं तुमच्याकडून होईल का?" सकाळी डबा देताना लीलाताईंनी विचारलं होतं.

"बिल्कुल होईल. हल्ली चार गावचे लोक येतात ना इथे, रोज बघतोय."

रोज बघत होते आणि रोज मनात थुंकत होते. इंदूरवाला हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला येतो. भोपाळवाला रस्त्याच्या मधोमध चालतो आणि ओळखीचा दिसला की तिथेच थांबून त्याच्या आजोबांची खुशाली विचारतो. नागपूरवाल्याला सरळ रस्त्यांची सवय, त्यामुळे वळताना हात दाखवायचा असतो हे त्याच्या गावीही नसतं. रीवावाल्यांनी गाडी चालवूच नये. त्यांनी हत्ती ठेवावेत. आणि ग्वाल्हेरचा ड्रायव्हर? वळणाला एकदाच हॉर्न, बायाबापड्या दिसल्या की ब्रेक, तांग्याला आधी वाट. घोड्याला ब्रेक नसतो, हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर. बाकी सगळे हमाल.

आज त्यांनी हमाल व्हायचं ठरवलं होतं.

कंपू भागातल्या गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडतानाच त्यांनी हॉर्नवर तळवा दाबला तो काढलाच नाही. झाडावरचे कावळे उडाले. दिनकररावांनी कागदावर काहीतरी लिहिलं. झालं इंदूर, जगदेवराव मनात म्हणाले.

बाड्यावर, भर चौकात, त्यांनी गाडी मधोमध घातली. पानवाल्यासमोर थांबून, खाली न उतरता पान मागवलं आणि पिंक खिडकीतून टाकली. मागे चार सायकली आणि एक बैलगाडी खोळंबली. हे भोपाळ. मग सराफ्याकडे हात न दाखवता गाडी वळवली. त्यासाठी कुणाचं नाव घ्यायची गरज नव्हती, ते गाव शेजारीच बसलं होतं.

मोरारच्या रस्त्यावर शाळेच्या मुली ओळीने रस्ता ओलांडत होत्या. जगदेवराव थांबले नाहीत. हॉर्न वाजवत पुढे गेले, मुली किंचाळत मागे पळाल्या. पुढे एक तांगा होता. त्यांनी त्याला इतकं घासून मागे टाकलं, की घोडा बिचकून कडेच्या खड्ड्याकडे सरकला. तांगेवाला शिवी द्यायला वळला आणि त्याने चेहरा ओळखला.

"जगदेव भैया?" तो म्हणाला. "तबीयत तो ठीक है?"

जगदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांत कमावलेलं नाव अर्ध्या तासात धुळीला मिळालं होतं. पण डोळ्यांसमोर लीलाताई होत्या, भिंतीला हात लावून चालणाऱ्या. त्यांनी पुन्हा हॉर्न दाबला.

परत येऊन गाडी फाटकात आडवी लावली आणि उतरताना दार आपटलं.

दिनकरराव शांतपणे उतरले. त्यांनी कागदावर खाली रेघ ओढली.

"किती वर्षं चालवून राहिले?"

"बावीस."

"असंच?"

"असंच," जगदेवराव म्हणाले. "मला सवयच तशी आहे, साहेब. आता या वयात काय सुधारणार? माझ्याकडून सचिवसाहेबांची गाडी चालवणं होणार नाही. टँकरच ठीक."

दिनकरराव हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"सकाळपासून सहा जण तपासले. सहाही साधुसंत. तांग्याला वाट काय देतात, बाया दिसल्या की थांबतात काय! अहो, ग्वाल्हेरवाले गाडी कशी हाकतात, हे आमच्या नागपुरात लहान पोराला विचारा. कानठळ्या बसवणारा हॉर्न, रस्ता बापाचा, तोंडात पान, आणि वळताना हात दाखवला तर संस्थान बुडेल. सहाही जण माझ्यासमोर सोंगं करून गेले. तुम्ही एकटे जसे आहात तसे चालवून दाखवलंत, वर तोंडाने कबूलही केलंत. चालवणं काय, महिनाभरात आम्ही शिकवू. साहेबांना खोटं न बोलणारा माणूस पाहिजे."

त्यांनी सही केली आणि कागद जगदेवरावांच्या हातात दिला.

"सोमवारी भोपाळला रुजू व्हा. मंडळींनाही घेऊन या. क्वार्टर अगदी नवं कोरं आहे."