उन्हाळ्याला उत्तम जागा

बाहेर वैशाखातली दुपार रणरणत होती आणि आत अकरा कंदील जळत होते. तपासणीला आलेले कृष्णकांत उंबऱ्यातच थबकले.

सरकारने भाड्याने घेतलेल्या या इमारतीत नक्कलखाना होता. अकरा कारकून मांडी घालून दिवसभर दस्तऐवजांच्या नकला करत. मालकाने खेटून गोदाम बांधले तेव्हाच खिडक्या बुजल्या होत्या. पलीकडच्या विहिरीमुळे भिंतींना बारमाही ओल. नऊ तक्रारी कुठे गेल्या देव जाणे. दहाव्या तक्रारीनंतर मोठ्या साहेबांनी आपल्या कचेरीतले कृष्णकांत धाडले.

सर्वांत जुने कारकून नत्थूजी कागद नाकाला लावून वाचत होते.

"धुरानं डोये गेल्यात जमा हायेत, साहेब," ते म्हणाले. "पुढच्या साली अक्षर दिसलं नाही, त मले घरी बसवतीन. तुम्हीच काही करा गा."

कृष्णकांतांनी मान डोलावली. नत्थूजींना फार दिवसांनी बरे वाटले.

तेवढ्यात घरमालक मनोहरराव आले आणि कृष्णकांतांना जेवायलाच घेऊन गेले. ताटात आमरस होता, पुरी होती आणि आग्रह तर विचारूच नका. या महिन्यात भाडेकरार संपत होता.

"सारं नागपूर भाजून राहिलं," मनोहरराव म्हणाले, "अन् माह्या इमारतीत पाहा कसा गारवा! तरी या लोकायची रड काहून, समजत नाही."

कृष्णकांत जरा थांबले. मग वाटीतला रस संपवला.

"गारवा आहे खरा. लिहू का तसं?"

"लिहाच!"

"मग मालक म्हणून खाली तुमचीही सही लागेल."

मनोहररावांनी हात न पुसताच सही ठोकली.

अहवालाची स्वच्छ प्रत करायला आली ती नत्थूजींकडेच. मजकुराचा कानामात्राही बदलायचा नाही, हा नक्कलखान्याचा नियम. 'जागा अत्यंत थंड. गरम वारा आत येत नाही. उन्हाची तिरीप नाही. उन्हाळ्यात काम करण्यास अवघ्या शहरात याहून उत्तम जागा नाही.'

नत्थूजींची लेखणी थांबली.

"हे मी माह्या हातानं लिहू?"

"लिहा," कृष्णकांत म्हणाले. "अक्षर ठळक काढा. मोठे साहेब स्वतः वाचणार आहेत."

"खाल्ल्या मिठाले जागले म्हणा तुम्ही."

कृष्णकांतांनी दौत त्यांच्यापुढे सरकवली. तीस वर्षांच्या नोकरीत नत्थूजींना इतका राग कुणाचा आला नव्हता. त्याहून जास्त राग, आपण आशा धरली याचा. पण प्रत केली, ती नेहमीसारखीच देखणी.

पाचव्या दिवशी मोठ्या साहेबांचा हुकूम आला. खबर लागताच मनोहररावही पेढे घेऊन हजर झाले.

"वाचा गा, नत्थूजी! मोठ्यानं वाचा."

नत्थूजींनी कागद नाकाशी धरला.

"'इमारतीचा करार दहा वर्षांसाठी कायम करण्यात येत आहे.'"

मनोहररावांनी पेढ्यांचा पुडा सोडला. कारकुनांच्या माना खाली गेल्या. नत्थूजी पुढे वाचू लागले.

"'आमचे आठ खिडक्यांचे दालन उन्हाने फार तापते. सबब सोमवारपासून या थंड जागेत आम्ही स्वतः बसू, आणि नक्कलखान्याने आमच्या दालनात जावे.'"