पुढच्याला माहीत असतं

"वाळवंट आणि समुद्र या दोघांना ज्याने ओळखलं, त्याला जगात भिण्यासारखं काही उरत नाही," असं इझाकने शेजारी बसलेल्या बायकोला, मग्रिएताला बजावलं आणि पुढच्याच वळणावर धुक्यात त्याला स्वतःच्या गाडीचं नाकही दिसेना.

"मग ओळख बघू, रस्ता कुठाय तो," मग्रिएता म्हणाली.

स्वाकोपमुंड गावच्या, मीठ दाबून टणक केलेल्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालायचं, हा तिथला रिवाज. इझाकनेही समोर दिसले ते दिवे धरले. ते वळले, तसा तोही वळला.

"अरे, हा रस्ता एवढा मऊ कधीपासून झाला?"

"तू गप्प बस. पुढच्याला माहीत असतं."

लाटांचा आवाज अगदी दाराशी आला, तेव्हा पुढची गाडी थांबली. इझाक आपली गाडी मागे घ्यायला गेला, तर चाकं ओल्या वाळूत निम्मी रुतली आणि त्यांना पाणी लागलं. पुढच्या गाडीतून उतरलेला एक उंच माणूस हातात सुरा घेऊन सावकाश चालत आला. मग्रिएताने इझाकचा दंड घट्ट धरला. त्या माणसाने काचेवर टकटक केलं.



"भाऊ, तेवढे दिवे विझवा ना. मासे बिचकतात."