एवढंच विचारायचं होतं

आप्पांच्या फौंड्रीतल्या टेबलावरचं सामान आणायला मी गेले होते, पण मला खरं तर एकच गोष्ट विचारायची होती. ज्या दिवशी ते कामावरच कोसळले आणि गेले, त्या सकाळी मी त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर एक मेल पाठवली होती. अशा गोष्टी फोनवर बोलायला आम्हा दोघांनाही अवघड जायचं, म्हणून बातमी लिहून कळवली. नवऱ्याखेरीज ती कुणालाच ठाऊक नव्हती, आणि माझ्याकडे बघून कळण्यासारखीही नव्हती.

“त्यांनी ती उघडली होती का, एवढंच सांगा,” मी तिथला सर्व्हर सांभाळणाऱ्या राजशेखरना म्हणाले.

“न्हाय जमत, ताई. सगळ्यांच्या मेल हितनंच जात्यात, पण कुणाच्या खाजगीत डोकवायचं न्हाय, असा नियमच हाय की आमचा.”

“मी मुलगी आहे त्यांची.”

“व्हय की. पण उद्या मालक आलं तरी माझं उत्तर ह्येच.”

पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. आप्पांचा टेबलफॅन, डबा आणि स्वेटर भरलेलं खोकं उचलायला मी वाकले, तसे राजशेखर खुर्चीतून धडपडत उठले.

 

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या ताई! पोटुशी बाईनं असं वजन उचलायचं नसतंय.”