गच्चीचा वाद

त्या काळी सिमेंटचं घर म्हणजे नवलच. कडावच्या अप्पासाहेब गुप्त्यांनी नव्या विलायती शैलीचं घर बांधलं, कौलं नाहीत, वर सपाट गच्ची. कर्जतचे चिंतोपंत उमेदीच्या काळात घरांचे नकाशे काढायचे. घर बघून ते म्हणाले, "अप्पासाहेब, ही शैली जिथं जन्मली तिथं आपल्यासारखा पाऊस नाही. उतरतं छप्पर ही इथली गरज आहे."

"गरज कसली, पंत? ती तुमची सवय! सवयीला शास्त्र म्हणू नका. गच्ची गळली तर मी हरलो. वाद तिथंच संपला."

तेव्हापासून दर वर्षी पावसाळाभर दर सोमवारी पंत छत्री घेऊन कडावला येत, मान वर करून खोल्याखोल्यांतून फिरत आणि मग दिवेलागणीपर्यंत दोघं हुज्जत घालत. बायको गेल्यावर पंतांशी चार शब्द बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एका वर्षी अशाच एका सोमवारी अप्पासाहेब चहाचं सांगायला आत गेले आणि कोपऱ्यातल्या खोलीत पंतांना छताला ओल दिसली. बघता बघता तिथून एक थेंब टपकन फरशीवर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पंतांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

"काय पंत, सापडलं का काही?" अप्पासाहेबांनी आतून विचारलं.

 

पंत लगबगीनं ओलीखाली जाऊन उभे राहिले, पुढचा थेंब टोपीवर झेलला आणि म्हणाले, "छे हो! सोमवारी परत येऊन बघतो."