पालक आल्याशिवाय

"आधी त्या बेड्या काढा. लेकरू आहे ते!" ठाण्यातली पोलीस कॉर्पोरल मार्वा शिपायावर खेकसली, आणि केमोयाला रडूच कोसळलं.

बारा वर्षांची पोर. किंग्स्टनच्या बाजारातून तिला शाळेच्या गणवेशातच उचललं होतं. आरोप एवढाच, की एका बाईचा निळा फोन चोरला, पाठीवर फुलपाखराचं स्टिकर असलेला. दप्तर उलटंपालटं करूनही तो सापडला नव्हता.

"मिस, मी नाही घेतला. आईशप्पथ!"

"थांब. पालक आल्याशिवाय मी तुला फोनबद्दल एकही प्रश्न विचारणार नाही. कायदाच आहे तसा." मार्वाने गरम पॅटी आणि सरबताची पिशवी पुढे सरकवली. "खा गं बाळा. कोण येईल तुला न्यायला?"

"पॉलीन मावशी. इथेच बाजारात बसते, भाजी घेऊन."

"मावशी नाही चालत. तुला वाढवलं कोणी?"

"दादाने. ओडेनने."

केमोया घुटमळली. आई गेल्यापासून तिच्या वेण्यासुद्धा ओडेनच घालायचा. हल्ली तो घरी झोपत नसे. जाताना त्याने तिच्याकडून एक नंबर पाठ करून घेतला होता, अगदी गळ्याशी आलं तरच लावायचा म्हणून.

"कुणी आलं नाही तर तुला मोठ्या बायकांच्या कोठडीत ठेवावं लागेल," मार्वा तिचे डोळे पुसत म्हणाली. "माझा जीव धजेल का गं?"

आता याहून गळ्याशी ते काय यायचं? केमोयाने नंबर सांगून टाकला. पोलिसांतही अशी मायेची माणसं असतात, यावर तिचा विश्वास बसेना. पॅटी तिने अर्धीच खाल्ली, अर्धी दादासाठी ठेवली.

ओडेन धापा टाकत आला. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात बहिणीचा जन्मदाखला.

"केमी कुठाय माझी?"

दाराआडच्या दोन पोलिसांनी त्याला भिंतीवर दाबलं. जन्मदाखला बुटाखाली गेला.

"पुलाखाली आमच्या माणसाने एकाला गोळी घातली, ते तूच पाहिलंस ना रे?" एकजण म्हणाला. "कोर्टात सांगणार होतास म्हणे?"

त्याला मागच्या दाराने ओढत नेलं.

"मीच चोरला!" केमोया किंचाळली. "मिस, फोन मीच चोरला! मला ठेवा, त्याला सोडा!"

मार्वाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. "आला, साहेब. पोरीला सोडते आता."

तिच्या कानाशी निळा फोन होता, पाठीवर फुलपाखरू असलेला.