अंजूचे डोहाळे

सासरी उदगीरला अंजूचं डोहाळजेवण रंगलं होतं. जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायला तिनं फ्रिज उघडला, तर आत नुसते नैवेद्याचे डबे. "देवाच्या नैवेद्याजवळ सुईचं औषध कशाला? गच्चीच्या जिन्यात ठिवलंय," सासूबाई म्हणाल्या. मेच्या उन्हात बाटली कढत झाली होती, औषध वाया गेलं होतं. रोज पोटाला टोचून घेत, वाढलेल्या बीपीच्या गोळ्या गिळत अंजूनं लेकरू इथवर आणलं होतं. "एक दिवस न्हाई टोचलं तर काय बिघडतंय?" झोपाळ्यावर बसवून चुलतसासूनं तिच्या तोंडाशी पेढा नेला. "सांग, कशाचे डोहाळे लागलेत? आज मागशील ते पुरवू." अंजूनं पेढा बाजूला सारला. सुजलेल्या पायांवर उठून तिनं फुलांचा मुकुट सासूबाईंच्या हातात दिला. "मला थंडगार इन्सुलिन पाहिजे," ती सगळ्या बायकांदेखत कडाडली, मग दारातल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, गाडी काढा."