सुधारलेली चिठ्ठी

गुरुवारच्या चॅपलला दहा मिनिटं उरली होती, तेव्हा एस्तेर घाटगे मॅडमनी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी उघडली. शाळा मिशनची, मिरजेजवळची. मुलं हिंदू, जैन, ख्रिस्ती, सगळी. पण चिठ्ठ्या सगळेच टाकतात. नाव लिहायचं नाही, मागणं तेवढं लिहायचं. मॅडमनी ते वाचून दाखवायचं आणि सगळ्या शाळेनं ‘आमेन’ म्हणायचं, असा इथला रिवाज.

आज बारा चिठ्ठ्या निघाल्या. बीजगणिताचा पेपर सोपा जावा. आजीचं ऑपरेशन नीट व्हावं. सहल यंदा तरी पन्हाळ्याला नको, गोव्याला जावी. अगदी तळाशी फुलस्केप कागदाची चौकोनी घडी होती. ती कुणाची हे मॅडमना उघडण्याआधीच कळलं.

सतरा गुरुवार झाले, सयाजी बर्गे कोरेगावहून पहाटेच्या गाडीनं येतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. शेवटच्या बाकावर ताठ बसतात. रीत मोडून चिठ्ठीत सगळं लिहितात: राजवर्धन सयाजी बर्गे, इयत्ता नववी, उंची पाच फूट चार, उजव्या भुवईवर खूण, घरी यावा. त्यातला एक शब्दही बदलायची मॅडमची छाती होत नाही.

राजवर्धन त्यांचा मुलगा. ऑगस्टमध्ये, पालकसभेनंतर तिसऱ्याच दिवशी हॉस्टेलमधून गेला. मिरज स्टेशनच्या कॅमेऱ्यात एकदा दिसला, पाठीवर दप्तर, पायात हॉस्टेलच्या चपला. कुठल्या गाडीत चढला ते दिसत नाही. हजेरीपटावर त्याचं नाव अजून आहे. कमी करायला पालकांची सही लागते आणि सयाजी सही करत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी नाव पुकारलं जातं, वर्ग गप्प होतो, आणि मग पुढचं नाव येतं.

मॅडमनी घडी उघडली. आज त्यात नाव नव्हतं, उंची नव्हती. एकच ओळ होती.

‘त्याला नेमकं काय पाहिजे होतं, ते कळावं.’

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांना ते माहीत होतं. सतरा आठवडे माहीत होतं आणि सतरा आठवडे त्या या माणसासमोर उभं राहून प्रार्थना करत होत्या. पेटीत हात घालताना दर वेळी वाटायचं, राजवर्धनचं अक्षर पुन्हा वर येईल.

राजवर्धनची चिठ्ठी त्यांच्या बायबलात होती. ते पान त्या उघडत नसत. मॅडम मराठी शिकवतात, अक्षरावरून मूल ओळखतात. मराठी त्यांचं फार चांगलं, आणि घोटाळा तिथंच झाला. मुलं काहीबाही लिहितात. ते चारचौघांत शोभेल असं करून वाचायची त्यांची वीस वर्षांची सवय. ‘सर मारतात’ असं लिहिलेलं असलं तर ‘आमच्या शिक्षकांना संयम लाभो’ असं वाचलं जायचं. मुख्याध्यापक खूश, पालक खूश. देवाला काय वाटत होतं कोण जाणे.

चॅपल भरत होतं. मॅडम बायबल घेऊन थेट शेवटच्या बाकापाशी गेल्या.

“सयाजीदादा, हे राजवर्धननं लिहिलंय. माझ्याजवळ होतं.”

सयाजींनी खिशातून चष्मा काढला. अक्षरांखाली बोट ठेवून सावकाश वाचलं.

‘मला एनडीएच्या फाउंडेशन बॅचमधून काढा. मला फौजेत जायचं नाही. पप्पांना सांगायची भीती वाटते. कुणीतरी सांगा.’

“कवाचं हाय ह्ये?”

“पालकसभेच्या दिवशीचं.”

“त्या दिवशी तर मी हितंच हुतो की, पालकांच्यात. ही चिठ्ठी न्हाई वाचली तुमी.”

“वाचली.” मॅडम म्हणाल्या. “सुधारून वाचली. नववीतल्या एका मुलाला फौजेत जाऊन देशाची सेवा करायची आहे, प्रभूनं त्याच्या मनातली भीती काढून टाकावी, असं वाचलं. अक्षर ओळखलं होतं मी. तुम्ही दिसत होता. वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

आता हे ओरडतील, असं मॅडमना वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. सयाजी ओरडले नाहीत. त्यांनी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि तळव्यानं तिच्या घड्या मोडत राहिले.

“ती माझ्याच पोराची चिठ्ठी, ह्ये मला तवाच कळलं हुतं,” ते म्हणाले. “फौजंत जायाचं म्हंतंय म्हंजी दुसऱ्या कुनाचं आसनार? लय खूश झालो, मॅडम. तुमच्यातली रीत मला काय ठावं न्हवती, पर समद्यांच्या वर आवाज चढवून आमेन म्हनलो.”

पुढं हार्मोनियम सुरू झालं. मुलं गाण्यासाठी उभी राहिली. सयाजी बसूनच होते.

“आवाज वळखून त्यानं मान वळवली. माझ्याकडं बघाय लागलं. लय येळ बघत हुतं.”

पुढं गाणं सुरू झालं.

“मी त्येला शाब्बास म्हनून आंगठा दावला.”